मंगळवारची हिंदी

लेस्टरला आले तेव्हा वाटलं होतं, इथे फार तर गुजराती शिकावी लागेल. बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेताना तीच कानावर पडते. पण गेलं वर्षभर मी दर मंगळवारी संध्याकाळी पाच इंग्रज मंडळींना हिंदी शिकवते आहे. मी, नाशिकची, जिची हिंदी दूरदर्शन आणि रिक्षावाल्यांनी घडवली.

पहिल्या दिवशी हौसेने फळ्यावर ‘हिंदी’ लिहिलं आणि तिथेच गाडी अडली. ह आधी उच्चारायचा, मग त्याची वेलांटी ह च्या डावीकडे का? आणि द ची उजवीकडे का? दोन अक्षरांच्या शब्दात एक वेलांटी इकडे, एक तिकडे. आपण पाटीवर गिरवताना हा प्रश्न कधी विचारलाच नाही. मी म्हटलं, ऱ्हस्व डावीकडून येते, दीर्घ उजवीकडून, आणि विषय पुढे ढकलला.

उच्चारांत खरी मजा आली. ‘पल’ आणि ‘फल’ त्यांना सारखेच ऐकू येत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून इंग्रजी ‘पिन’ म्हणायला लावलं, तर पट्टी हलते. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा प ते नकळत हवा सोडूनच म्हणतात. ‘स्पिन’ म्हणताना मात्र ती जवळजवळ स्थिर. मग युक्ती सापडली: स्पिन म्हणा, स मनातल्या मनात गिळा, उरतो तो आपला प. त आणि ट साठी अशी युक्ती नाही. त्यांचा टी या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो, त्यामुळे ‘तीन’ मागितलं की ‘टीन’ मिळतो.

वाक्यरचना त्यांना वाटते तितकी अवघड नाही. क्रियापद शेवटी, आणि ‘टेबलवर’मधला ‘वर’ टेबलाच्या मागून येतो, एवढं पटलं की ‘किताब मेज़ पर है’ आठवड्याभरात जमतं. (मराठीत आपण हे प्रत्यय शब्दाला चिकटवतो, हिंदीत नामापासून सुटे लिहितात. माझ्या हातून अजूनही ‘मेज़पर’ होतं.)

घोडं अडतं ते ‘ने’ पाशी. वर्गात एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. ते म्हणाले, “मैंने चाय पिया.” मी मान डोलावली. घरी जाताना लक्षात आलं, चुकलं! मराठीत चहा पुल्लिंगी आणि वर ‘मी चहा प्यायले’, म्हणजे क्रियापद माझ्यामागे धावणार. हिंदीत चाय स्त्रीलिंगी आणि ‘ने’ आला की क्रियापद चहाच्या मागे: मैंने चाय पी, पिणारा पुरुष असो वा बाई. गंमत म्हणजे ‘मी पोळी खाल्ली’मध्ये आपणही हेच करतो, फक्त ‘मी’ला ‘ने’ लावत नाही. खाताना एक नियम, पिताना दुसरा, आणि चाळीस वर्षं मला पत्ता नाही. पुढच्या मंगळवारी सगळ्यांची माफी मागून वाक्य दुरुस्त केलं. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, हेही त्याच दिवशी सांगितलं. मराठीतला अर्थ कळल्यावर वर्ग बराच वेळ हसत होता.

या रेल्वेवाल्या आजोबांची सून लखनौची. तिच्यासाठीच ते शिकतात. तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर त्यांनी देवनागरीत दोन ओळी लिहिल्या, त्यात ‘लखनऊ’ होतं. सुनेने कार्ड निरखलं आणि विचारलं, हा असला ल कुठून आणलात? त्यांना फळ्यावरून मी माझा पाकळीवाला मराठी ल गिरवायला लावला होता. पुस्तकातला दंडवाला ल वेगळा दिसतो, हे सांगायचंच राहून गेलं.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

त्यांनी घसा साफ केला. “मेरी टीचर ने सिखाया.”

‘ने’ अगदी जागेवर होता.