हॅमॉकची मच्छरदाणी: चेन गेली, नाडी आली

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची कापडी झोळी; तिच्या जाळीची चेन उसवून टाकली. आता आत शिरायचं ते खालून. जाळी डोक्यावरून घ्यायची, हॅमॉकमध्ये बसायचं, पाय वर घ्यायचे आणि नाडी ओढायची. चेन वजनाला जड, तिच्याभोवतीची जाळी कायम ताणलेली, आणि अंधारात रनरमध्ये जाळी अडकली की संपलंच. नाडीला यातलं काही नाही.

आपल्याकडे अजून बरेच जण दोरीवरून साधी मच्छरदाणी टाकतात आणि सकाळी पाठ खाजवत उठतात. हॅमॉकचं पातळ नायलॉन अंगाच्या वजनाने पाठीला घट्ट बसतं आणि डासाची सोंड त्यातून सहज आरपार जाते. जाळी खालूनही वेढलेलीच हवी. थंडीत खाली अंडरक्विल्ट (हॅमॉकखाली टांगायची रजई) असेल तर निभावतं, पण मे महिन्यात कोकणात ते कोण लावणार!

माप असं: माझा हॅमॉक ३.३ मीटरचा. वरची रिजलाइन, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी दोरी, त्याच्या ८३ टक्के, म्हणजे २७४ सेंमी. ही दोरी पक्क्या मापाची असली की झाडं जवळ असोत वा लांब, झोळ साधारण तेवढाच राहतो. म्हणून जाळीचं मापही एकदाच काढावं लागतं. दीड मीटर पन्ह्याचे दोन तुकडे वर रिजलाइनपाशी जोडले, दोन्ही टोकांना नेफा करून बारीक नाडी ओवली. पायांकडे जाळी मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. आपण हॅमॉकमध्ये तिरके झोपतो, गुडघा एका बाजूला जातो आणि जाळीला टेकला की डास बाहेरूनच जेवून जातो.

सगळी कारागिरी खालच्या नेफ्यात. जाळीवर थेट टीप मारली तर मशीनचे दाते ती खाली ओढतात. त्यामुळे काठ आधी नायलॉनच्या पट्टीत दुमडून घेतला, खाली बटर पेपरची पट्टी ठेवली, ११ नंबरची सुई लावली आणि सावकाश टीप मारली. कागद नंतर टिपेवरून अलगद फाटून येतो. वर्तमानपत्र वापरू नका, शाई जाळीला लागते. नेफ्यात ३ मिमीची इलास्टिक दोरी आणि जर्किनच्या टोपीला असतो तसा दाबायचा लॉक. लॉक छातीजवळ यायला हवा. पायाशी ठेवलात तर रात्री कसरत आहे.

काठ जमिनीला टेकू देऊ नका, गोचिडी चढतात. दोडामार्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती, तो गोचिडींमुळेच पसरतो. त्या पट्ट्यात जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

जाळीच्या विणीबद्दल. बाजारातली नेहमीची १५६ भोकं प्रति चौरस इंचाची जाळी डासांना पुरते, मुरकुटं (डासाहून बारीक, चावणारे किडे) मात्र तिच्यातून आरामात आत येतात. खाडीकाठी किंवा गोठ्याजवळच्या वाडीत झोपणार असाल तर बारीक विणीचीच घ्या, जरा उकडलं तरी चालेल. रंग काळा. पांढऱ्या जाळीवर हेडलॅम्प पडला की बाहेरचं काही दिसत नाही. जाळीवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात: ती जाळी ओढ्यात धुवायची नाही, मासे मरतात, आणि घरी वाळेपर्यंत मांजराला जवळ फिरकू द्यायचं नाही.

आता काम चालू आहे ते हिवाळी कव्हरचं. भंडारदऱ्याच्या बाजूला डिसेंबरात डास कमी, वारा जास्त. याच रिजलाइनवर रिपस्टॉपचं (सहज न फाटणाऱ्या नायलॉन कापडाचं) कव्हर बसेल, तोंडासमोर जाळीची खिडकी. खिडकी लहान ठेवली तर श्वासाची वाफ आत साठून पहाटे थेंब गळतात, मोठी ठेवली तर वारा नाकात. तूर्त वीतभर रुंद आणि दीड वीत लांब धरली आहे, वरून झाकायला एक फडकं. कापड फक्त बेतून ठेवलंय, कात्री लावलेली नाही. कोणी याहून मोठी खिडकी वापरत असेल तर कापायच्या आत सांगा.