1918 च्या कोतवाल बुकातलं ते दुसरं अक्षर

मी कोल्हापुरात मोडी वाचून द्यायचं काम करतो. 2023 ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं तेव्हापासून माझ्याकडं रोज माणसं येतात, मोबाईलमध्ये कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो घेऊन. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूचं रजिस्टर. निम्म्या फोटोंवर बोटाची सावली, आणि काही ठिकाणी तर मूळ पानच कुणीतरी लॅमिनेट करून ठेवलेलं, म्हणजे तो कागद संपलाच.

गेल्या आठवड्यात करवीर तालुक्यातले एक काका आले. पंचावन्नच्या पुढचे, शेती करतात. "सर, आमच्या घरच्या नोंदीत नुसतं 'कु' हाय. कचेरीत म्हणत्यात ह्यावरनं काय कळत न्हाई. तुमी बघा की जरा." सोबत आधीच्या वाचकानं करून दिलेलं लिप्यंतर होतं, त्यात 'कु' पुढं प्रश्नचिन्ह. दहा दिवसांचा क्लास करून बोर्ड लावतात आणि लोकांची वर्षं वाया घालवतात, ह्याचा मला फार राग येतो. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, त्यामुळं एका लिहिणाऱ्याचा हात कळायला त्याच्यासोबत चार-पाच पानं तरी बसावं लागतं. एकच ओळ बघून वाचन होत नाही.

म्हणून काकांना म्हटलं, त्या रजिस्टरचे जेवढे फोटो आहेत तेवढे सगळे दाखवा.

लिहिणारा पक्का मुरलेला होता. रेघ एकदम सरळ, जातीच्या रकान्यात सगळीकडं एक-दोन अक्षरात काम भागवलेलं. महिन्याला एक पान पुरायचं. 1918 चा ऑक्टोबर आला आणि पानं संपेचनात. कारणाच्या रकान्यात 'ताप', 'ताप', मग 'मानमोडी', आणि खाली त्याच शब्दाची रांग. मानमोडी म्हणजे त्या सालची इन्फ्ल्युएंझाची साथ, जूनमध्ये मुंबईत आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. हे मी वाचलेलं होतं, पण एका गावाची नावं एकाखाली एक कधी वाचली नव्हती.

आणि 9 तारखेला अक्षर बदललं. मोडी थांबली, खाली बाळबोध म्हणजे आपली देवनागरी सुरू. मोठी मोठी, सुटी, रेघेवर न बसणारी अक्षरं, शाळेतल्या पोराची असावीत तशी. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते महाराजांचं, कारण 1918 लाच शाहू महाराजांनी गावचं दप्तर लिहिणारं वंशपरंपरेचं कुलकर्णी वतन मोडून तलाठी नेमायला सुरुवात केली, म्हटलं नवीन माणूस आला असेल. पण तलाठी असं लिहील? 1917 ला संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, म्हणजे एखादं नुकतंच शिकलेलं पोरगं असेल काय, लिहिणाऱ्याच्या घरातलंच? घरोघरी फिरून कोण गेलं ते सांगत येणारा कोतवाल, आणि समोर बसून लिहिणारं ते पोर, दोघांच्याही घरात तेव्हा कोण आजारी असेल काय माहीत.

त्या पोराला आखूड करून लिहायचं ठाऊक नव्हतं. त्यानं सगळं पूर्ण लिहिलं. 14 तारखेला एक नोंद, अमुक बिन अमुक, वय 27, मानमोडी, आणि जातीच्या रकान्यात चार अक्षरांएवढी जागा घेऊन 'कुणबि'. मी नाव वाचलं आणि काका म्हणाले, "थांबा सर. परत वाचा." त्यांचा पणजा. आजोबा तेव्हा वर्षाचे होते. बाप कशानं गेला ते आजोबांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी मला ती सगळी पानं मोठ्यानं वाचायला लावली. मधे मधे "हे आमच्या मळ्याशेजारचे" असं म्हणायचे. चहा आणला होता तो तसाच राहिला. ह्या शहरात महाराजांवर बोलणारे हजार भेटतील आणि बोलावंच, पण त्या अकरा दिवसांत वही बंद ठेवली असती तर कोण विचारणार होतं? तिनं शंभर वर्षांनी एका घराचा कागद उभा केला.

20 तारखेला जुना हात परत आला. तोच माणूस, तीच वळणं, पण रेघ थरथरलेली, तीन ठिकाणी तुटलेली. आजारातनं उठून बसला होता बहुतेक. नोंदी परत आखूड, परत 'कु'.

काका निघताना म्हणाले, "त्या पोराचं नाव कुठं हाय काय?" नाही. मी दोनदा शोधलं. लिप्यंतराच्या दाखल्यात तशी जागा नसते, तरी त्यांच्या आग्रहाखातर खाली एक ओळ घातली: 9 ते 19 ऑक्टोबरच्या नोंदी वेगळ्या हातच्या, बाळबोध अक्षरात आहेत. फाईल परवा कचेरीत गेलीय.