तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या मर्तिकाचा कागद

ज्येष्ठ नागरिक संघात, भिशीत, परवा तर भाजीच्या गाडीवरसुद्धा मला हाच प्रश्न आला: "तुम्ही म्हणे स्वतःच्या मर्तिकाचं सगळं लिहून ठेवलंय? असं का हो? आणि त्यात लिहायचं तरी काय?" विचारणाऱ्यांपैकी काहींना माझ्या तब्येतीची काळजी असते, बाकीच्यांना कागदाची प्रत हवी असते. तब्येत ठणठणीत आहे. कागदाबद्दल सांगते.

आमचे हे गेले ते पहाटे, घरीच, झोपेत. लोक म्हणाले, भाग्यवान. ते खरंच आहे, पण घरी आलेल्या मरणाची एक अडचण असते. हॉस्पिटलात माणूस गेला की कागद तिथलेच लोक करतात. घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायला डॉक्टर लागतो, आणि तो दाखला हातात आल्याशिवाय महापालिकेचा पास मिळत नाही, पासाशिवाय पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत कोणी हात लावत नाही. पहाटे साडेचारला फोन उचलणारा, पेशंटला आधी तपासलेला डॉक्टर किती जणांकडे आहे? म्हणून माझ्या कागदावर पहिली ओळ देवाची नाही, डॉक्टरांची आहे. नाव, नंबर, ते गावाला असले तर दुसऱ्यांचा नंबर. त्याखाली माझं नाव आधारवर कसं आहे, बँकेत कसं आहे आणि पेन्शनच्या पुस्तकात कसं आहे. आम्हा बायकांची नावं माहेर, सासर आणि टायपिस्ट अशा तिघांनी मिळून ठेवलेली असतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि त्या दाखल्यात एक वेलांटी चुकली तर पोरांना वर्षभर चकरा माराव्या लागतात.

त्या सकाळी मला रडायला वेळच मिळाला नाही, कारण दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन विचारत होतं. लाकडं की विद्युतदाहिनी? परदेशातल्या पुतण्यासाठी थांबायचं का? अग्नी कोण देणार? अंगावर काय घालायचं? गुरुजी कोणाचे सांगायचे? पेपरात द्यायचं का? नेत्रदानाचं कोणाला आठवलं तेव्हा दहा वाजून गेले होते. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, त्यांचं काम थोड्या वेळात होतं, चेहरा बिघडत नाही, चष्मा असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. तोवर पंखा बंद करून, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी घ्यायची. हे सगळं मला नंतर कळलं. आता ते कागदावर दुसऱ्या ओळीत आहे.

पण कागद लिहिला म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या इच्छेपेक्षा जिवंत नातेवाइकांचा आवाज मोठा असतो. पंडित नेहरूंनी १९५४ साली मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलं होतं की आपल्यासाठी कोणतेही धार्मिक विधी नकोत. १९६४ साली ते गेले आणि मंत्रोच्चारात विधिवत दहन झालं. देशाच्या पंतप्रधानाचा कागद टिकला नाही, तिथे तुमच्या-माझ्या वहीचं पान काय टिकणार? उलट सावरकरांचं बघा. राजकारण क्षणभर बाजूला ठेवा. विद्युतदाहिनीत दहन करा, माझ्यासाठी दुकानं बंद ठेवू नका, पिंडदान-श्राद्ध नको, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि १९६६ साली मुंबईच्या चंदनवाडीत विद्युतदाहिनीतच दहन झालं. मला वाटतं, ते आयुष्यभर हेच बोलत आले होते, त्यामुळे ऐनवेळी कोणाला धक्का बसायचं कारण नव्हतं.

म्हणून कोणी विचारलं की माझं पहिलं सांगणं असतं: कागद मुलांना वाचून दाखवायच्या आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या नातेवाइकाला वाचून दाखवा. मुलं ऐकतात. अडवतो तो एक काका, एक आत्या, एक मावसभाऊ. आमच्याकडे माझे धाकटे दीर आहेत. कोणाचंही मर्तिक असो, तिरडी बांधण्यापासून अस्थी सावडण्यापर्यंत सगळं तेच बघतात आणि मनापासून बघतात. त्यांना चहाला बोलावलं आणि कागद पुढे ठेवला.

"वहिनी, हे काय अभद्र?" पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे.

"भाऊजी, वाचा तर."

वाचलं. नेत्रदानाला मान डोलावली. विद्युतदाहिनीला नाक मुरडलं, पण एका चितेला तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं हे त्यांनाच जास्त माहीत, ते वजन त्यांनीच इतक्यांदा उतरवून घेतलंय. अग्नी मुलीने द्यायचा, या ओळीवर थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "देऊ दे. तिचा हात तुमच्या मुलापेक्षा खंबीर आहे." आणि गाडी अडली ती दहाव्यावर.

"दहावा नको म्हणजे? ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड नाही ठेवायचा? कावळा?"

मी म्हटलं, "भाऊजी, कावळा शिवला नाही की तुम्ही काय करता? हात जोडून म्हणता, तुमची अमुक इच्छा पुरी करू, तमक्याला सांभाळू. मग तो शिवतो. माझ्या सगळ्या इच्छा मी इथे सहीनिशी लिहून दिल्यात. कावळ्याला कशाला त्रास?"

हसले. तरी हट्ट सोडला नाही. शेवटी तडजोड झाली, तीही कागदावर आहे: भाऊजींना समाधान म्हणून दहावा करायचा असेल तर करावा, स्वखर्चाने, आणि माझ्या मुलांना क्षौराची सक्ती करू नये. त्यांनी खाली सही केली. ती सही माझ्या सहीपेक्षा मोलाची आहे.

आता खर्च. लोकांना वाटतं स्मशानात पैसे लागतात. तिथे फार लागत नाहीत, विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी हा सगळ्यात स्वस्त भाग. शववाहिनी, मर्तिकाचं सामान, हार, एवढं झालं की पहिला दिवस संपला. खिसा रिकामा होतो तो नंतर: दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, चौदाव्याची उदकशांत, गुरुजींची दक्षिणा, दानाच्या वस्तू, हॉल, जेवणावळी, पेपरातली जाहिरात, अस्थी घेऊन नाशिकला गाडी. खेड्यापाड्यांत यासाठी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत. आमच्या कामवाल्या मावशींनी सासऱ्यांच्या तेराव्यासाठी स्वतःच्या पाटल्या मोडल्या. म्हाताऱ्याने एक ओळ लिहून ठेवली असती तर भाऊबंदांपुढे त्या माऊलीला नाही म्हणायला आधार झाला असता.

आगरकरांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. पुढे १८९५ साली ते गेले तेव्हा उशाशी एक पुरचुंडी सापडली, दहनाच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून ठेवलेले. त्यांची गरिबी होती, माझी नाही, तरी पुरचुंडी मीही केली आहे. २५,००० रुपये रोख, कपाटात. कारण माणूस गेला की त्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं त्याच दिवशी कामाला येत नाही. खात्यात लाखो असतात आणि शववाहिनीचे पैसे शेजारी देतो. आणि हो, हा कागद मृत्युपत्रात घालू नका, बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडतात. माझा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, गॅसच्या नंबराशेजारी.

देहदानाचंही पुष्कळ जण विचारतात. २०१० साली जानेवारीत ज्योती बसू गेले आणि फेब्रुवारीत नानाजी देशमुख. एक कम्युनिस्ट, एक संघाचे. दोघांचेही देह वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. एवढ्या एका गोष्टीवर दोन्हीकडचे एकत्र आले, याचं मला फार कौतुक वाटतं. मीही फॉर्म भरलाय. पण फॉर्म भरला म्हणजे देह घेतीलच असं नाही. शवविच्छेदन झालं असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, तर कॉलेज नकार देऊ शकतं. शिवाय देह नेऊन पोचवायचा घरच्यांनीच, त्यांचीच संमती पाहिजे. म्हणून देहदानाच्या ओळीखाली 'न घेतल्यास विद्युतदाहिनी' ही ओळ हवीच.

संगीताचं मात्र मी मन लावून लिहिलंय. कोकणात माझ्या आजोळी मुंबईकर येईपर्यंत रात्रभर भजन चालायचं. वारकऱ्यांच्या घरी टाळ-मृदंगाशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही. शहरात आपण हे काम फोनवर सोपवलं. एका नातलगांच्या अंत्ययात्रेला फोन लावून भजन सुरू केलं होतं, अगदी आर्त सूर लागला आणि मध्येच सिमेंटची जाहिरात. टिकाऊपणाची हमी! तिरडीला खांदा दिलेले दोघे हसू आवरता आवरता लाल झाले. तेव्हा ठरवलं, रेकॉर्ड नको. माझ्या भजनी मंडळाच्या बायका येतील, त्यांनी गावं. पेटी आणायची, तबला नसला तरी टाळ पुरेत. आणि शेवटी गौळण म्हणायची. यावर मंडळात खडाजंगी झाली. "मर्तिकाला गौळण? भैरवीतला अभंग म्हणू की." म्हणा, आधी अभंग म्हणा. पण आयुष्यभर मी गौळणच बरी म्हटली आहे, बाकी सगळ्यात मी बेसूर, हे तुम्हालाच माहीत. दाराशी रडारड चालू असताना गौळण उचलायला हिंमत लागते, म्हणून आमच्यातल्या एकीचं नाव लिहून ठेवलंय. ती कुठेही गाऊ शकते, बसमध्येसुद्धा.

पुरुषमंडळींना एक वेगळं सांगणं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. लगेच त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. पण तुमच्या दारात त्या दिवशी ग्रामपंचायत येणार नाही, आत्या येणार आहे. बायको त्या क्षणी भांडू शकत नाही. तेव्हा तुमच्या कागदावर तुमच्या अक्षरात लिहा: हिच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

काही जण याची गल्लत दुसऱ्याच कागदाशी करतात. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, नळ्या कधी थांबवायच्या, हे मरणाआधीचं इच्छापत्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ साली मान्य केलं आणि २०२३ साली सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तेही केलंय, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मुलांना वाईट वाटलं का, असंही विचारता. लेक गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "आई, साडी कुठली ते लिहिलं नाहीस." मुलगा रागावला. मग त्याने स्वतःसाठी एक ओळ घालून घेतली: तो परदेशात असला तर त्याच्यासाठी थांबायचं नाही, पण व्हिडिओ कॉल लावणारा माणूस आधी ठरलेला हवा. ठरवलाय. शेजारचा कॉलेजातला मुलगा, त्याच्या फोनला रेंज असते.

आणि भाऊजी? महिनाभराने आले आणि म्हणाले, "वहिनी, तो कागद कोरा देता का एक?" दिला. त्यांचा भरून झालाय. लाकडंच हवीत, दहावा ओंकारेश्वरावर, तेरावा साग्रसंगीत आणि जेवणात जिलबी, मठ्ठ्यासह. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली आहे.