दहावीचा वर्ग आणि इचलकरंजी

शाळेचा स्नेहमेळावा बाहेरगावी गेलेल्यांच्या सोयीने ठरतो आणि गावात राहिलेल्यांच्या कष्टाने पार पडतो. आमच्या १९९२ च्या दहावीच्या वर्गाचा मेळावा यंदा इचलकरंजीत झाला, तेव्हाही तारीख पुण्या-बंगळुरूच्या सुट्ट्या पाहून निघाली. हॉल, जेवण, मांडव, जुन्या शिक्षकांना घरून आणणे आणि परत सोडणे ही सगळी कामे मात्र त्यांनी केली, ज्यांना एक दिवस काम बंद ठेवले तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

इचलकरंजीला रेल्वे नाही. हातकणंगल्याला उतरून वडापने, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या जीप-रिक्षाने, गावात यायचे, हे तेव्हाही होते आणि आजही आहे. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, रस्ते रुंद झाले, पण मला सर्वांत आधी जाणवला तो आवाजातला फरक. आमच्या लहानपणी गल्लीत पाऊल टाकताच दोन्ही बाजूंच्या शेडमधून कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू होई, आणि त्या आवाजात वाढल्यामुळे आम्ही सगळेच जरा मोठ्याने बोलत असू. आता काही गल्ल्या अगदी शांत आहेत.

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला आणि त्यांना जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे पाठबळ मिळाले, हे आम्हाला शाळेत शिकवले गेले होते. त्या एका मागापासून उभ्या राहिलेल्या धंद्याची सगळी माणसे आमच्या एका वर्गात होती: मागवाल्यांची मुले, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची मुले, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये काम करणाऱ्यांची मुले आणि पाळीवर माग चालवणाऱ्या कामगारांची मुले. घरी कोणी मराठी बोले, कोणी कन्नड, कोणी तेलुगू, कोणी मारवाडी. वर्गात सगळे इचलकरंजीचेच बोलत.

मेळाव्याचा कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला. हजेरी घेतली गेली, जे आता नाहीत त्यांच्यासाठी सगळे उभे राहिले, फोटो निघाले, भाषणे झाली. भाषणांत कौतुक झाले ते अमेरिकेत आणि पुण्यात स्थिरावलेल्यांचे. मला मात्र त्या दिवसातले मोलाचे जे काही मिळाले, ते जेवणानंतर हॉलबाहेर मिळाले.

माझ्या बाकावर बसणारा मित्र मला त्याच्या शेडवर घेऊन गेला. तो खर्चीवाला आहे, म्हणजे व्यापाऱ्याकडून बीम (ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे सूत गुंडाळलेला रूळ) आणि बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतो. वडिलांच्या वेळचे साधे माग अजून चालू आहेत. त्याने एक माग थांबवला, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा हातात दिला आणि त्यातली सुताची संपलेली कांडी काढून नवी बसवून दाखवली. हे करताना तो माझ्याकडे पाहत होता, हाताकडे नाही. मजुरी पिकावर ठरते, एका इंचात आडवे धागे किती यावर. ५२ पिकाच्या कापडाला व्यापारी किती पैसे देतो आणि विजेचे बिल किती येते, यांच्यामधल्या फरकात त्याच्या घराचा महिना बसतो. शेजारच्या शेडमध्ये धोट्याशिवाय, हवेच्या झोतावर चालणारे एअरजेट माग आहेत, त्यांचा वेग याच्या मागांच्या कितीतरी पट आहे, आणि ते घेण्याएवढे कर्ज काढण्याची त्याची तयारी नाही. त्याचे निम्मे माग भंगारात वजनावर गेले. हे त्याने कसलीही तक्रार न करता सांगितले. मग म्हणाला, "बस की जरा, चहा येतोय."

आमच्या वर्गातली एक मैत्रीण शाळेत असताना घरी कांड्या भरून मग वर्गात येत असे, हे आम्हा सर्वांना माहीत होते. आज ती वहिफणीचे काम करते. नव्या बिमाचा ताण्याचा एकेक धागा वहीच्या, म्हणजे मागावर धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून काढायचा. एक बाई पलीकडून धागा पुढे करते, दुसरी हुकाने ओढून घेते, आणि असे दोन-तीन हजार धागे निघेपर्यंत दोघींना मान वर करता येत नाही. मधला एक धागा चुकला, तर ती चूक कापडभर दिसते. तिने मला डोळ्यांवरचा चष्मा दाखवला आणि नंबर सांगितला. आमच्या वर्गात गणितात तिच्या पुढे कोणी नव्हते, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मंचावरून ते कोणी बोलले नाही.

गावाची गेल्या तीस वर्षांची हकिकत मला या दोघांकडून आणि रिक्षा चालवणाऱ्या आणखी एका मित्राकडून कळली. २०१२ मध्ये काविळीची साथ आली, तेव्हा आम्ही बाहेरून बातम्या वाचल्या. हा मित्र रात्ररात्र रुग्णांना दवाखान्यात पोचवत होता. २०१९ च्या पुरात पंचगंगेचे पाणी किती चढले, हे आम्ही टीव्हीवर पाहिले. मागाच्या मोटारी काढून उंचावर नेऊन ठेवण्याचे काम यांनी केले. गाव टिकले ते अशा कामांमुळे, आणि शाळेने घडवलेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब मांडताना ही माणसे पहिल्या रांगेत असली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

परत आल्यावर मी वर्गाला तसे सविस्तर लिहिले. पुढच्या मेळाव्याची तारीख गावातल्यांनी ठरवावी आणि बाहेरच्यांनी रजा काढून यावे, खर्चाचा मोठा वाटा बाहेरच्यांनी उचलावा, आणि सत्कार करायचाच असेल तर तो यजमानांचा करावा, अशा माझ्या सूचना होत्या. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. सत्काराला मात्र वहिफणीवाल्या मैत्रिणीने साफ नकार दिला. त्याऐवजी दिवसभराचा कार्यक्रम लवकर आटपून सर्वांनी तिच्या कामाच्या जागी यावे, असे तिने कळवले आहे. मेळावा ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास, कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, जोडून होईल. बैलांच्या लाकूड ओढण्याच्या शर्यतीही त्यामुळे पाहायला मिळतील, आणि माझ्या मुलीला घेऊन जाण्याचा माझा विचार आहे.