दारावरची दुधाची पिशवी

लालबागच्या आमच्या चाळीत सकाळचे आठ वाजून गेले तरी एखाद्या दारावर दुधाची पिशवी तशीच लटकत असली, की शेजारीण कडी वाजवत असे. आता त्याच जागी उभ्या असलेल्या टॉवरमध्ये ती पिशवी मी संध्याकाळपर्यंत लटकलेली पाहिली आहे (घरातली मंडळी गावी गेली होती, एवढेच). आत्महत्येच्या सामाजिक कारणांचा विषय निघाला की मुंबईकर बहुधा इथेच थांबतो: चाळ गेली आणि माणूस एकटा पडला.

या समजुतीला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरील १८९७ सालच्या ग्रंथाचा आधार देता येतो. आत्महत्या ही अगदी खासगी कृती वाटत असली तरी तिचे प्रमाण समाजागणिक वेगळे असते आणि एकाच समाजात वर्षानुवर्षे फारसे हलत नाही, म्हणून तिची कारणे व्यक्तीच्या मनाबाहेरही शोधली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत त्यांना हे प्रमाण अधिक आढळले. जगण्याची घडीच विस्कटते त्या अवस्थेला त्यांनी प्रमाणकशून्यता म्हटले. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर भोंग्यावर चालणारा दिवस संपला, तेव्हा ही अवस्था काय असते ते गिरणगावाने अनुभवले.

पण दुर्खीम यांनी माणूस समाजाशी किती जोडलेला आहे या एकात्मतेबरोबर, समाज त्याला किती बांधून ठेवतो या नियमनाचाही विचार केला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बंधनांचा अतिरेक झाल्यानेही माणूस आयुष्य संपवतो, हा त्यांच्या वर्गीकरणातला चौथा प्रकार त्यांनी केवळ एका तळटीपेत उरकला. आपल्याकडे मात्र तीच तळटीप मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतील सुमारे ३२ टक्क्यांमागे ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण दिलेले असून, मृत स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. या बायका एकट्या राहत नव्हत्या. शिवाय, अधिकृत आकडे हे नोंद करणाऱ्यांच्या अर्थ लावण्यातून घडतात, असा आक्षेप समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये घेतलाच होता. आणि आपल्याकडे कारण सांगायला पोलिसांसमोर बसतात ते बहुधा घरचेच लोक. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मला मोलाचा वाटतो तो यासाठीच, की तिथे घरातल्या आणि आळीतल्या कुणाला न कळू देता बोलता येते.

चाळीत ती सोय नव्हती. कुणाकडे आज कोणती भाजी शिजते आहे, हे नळावर सगळ्यांना ठाऊक असे. पण गॅलरीच्या टोकाच्या खोलीतून रात्री आरडाओरड सुरू झाली, की बाकीच्या खोल्यांतले रेडिओ मोठे होत. सकाळी त्या दारावरची पिशवी मात्र वेळेवर आत गेलेली असे.