हातपंपांचे फोटो गेले कुठे

इंदूरला जेल रोडवर माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पट्टी हेच रोजचं काम, सॉफ्टवेअरवाली गिऱ्हाइकं कमी आणि ती आली की डोकं जास्त खातात कारण दोन तास बसून काम केलं तरी पैसे किती सांगायचे तेच कळत नाही, पार्ट तर काही टाकलेला नसतो ना. पण मागच्या उन्हाळ्यातली एक केस लिहायचीच होती.

दुपारी ऐन उन्हात एक मुलगी आली, पाठीवर सॅक, तोंडाला ओढणी. "भिया, इसमें से फोटो निकल जाएंगे क्या?" मी फोन बघतोय तेवढ्यात तिला कॉल आला आणि ती "आई, जेवले गं मी, ठेव आता" म्हणाली, म्हटलं चला आपलेच लोक, मग म्हटलं ताई आधी बसा, पाणी प्या आणि नीट सांगा काय झालंय.

तर झालं असं की ती एका संस्थेसाठी सर्वे करत होती, महूच्या पुढे मानपूरकडची गावं, प्रत्येक हातपंप आणि विहिरीपाशी उभं राहून एका अ‍ॅपमधे फॉर्म भरायचा, पाणी येतं का, कोणत्या महिन्यात आटतं, सोबत दोन फोटो आणि लोकेशन. तिकडे रेंज नसते म्हणून फॉर्म फोनमधेच सेव्ह होतात आणि शहरात आल्यावर सगळे एकदम पाठवायचे. आणि नेमकं पाठवायच्या आधी अ‍ॅप अपडेट झालं आणि उघडायचंच बंद झालं. टच केलं की लोगो दिसतो आणि धप्पकन बंद. ऑफिसवाल्याने फोनवर सांगितलं की अनइन्स्टॉल करून परत टाका, होऊन जाईल.

मी विचारलं, केलं का? म्हणाली नाही, भीती वाटली. मला एवढं बरं वाटलं ना. कारण अ‍ॅपचा जो स्वतःचा फोल्डर असतो, अँड्रॉइड नावाच्या फोल्डरच्या आत डेटा आणि त्याच्या आत त्या अ‍ॅपचा, तो अ‍ॅप काढलं की त्याच्याबरोबर साफ जातो, रिसायकल बिनमधे वगैरे काही नाही. सेटिंगमधलं क्लिअर डेटा दाबलं तरी तेच. त्याच्या शेजारीच क्लिअर कॅशे असतं, ते फक्त तात्पुरत्या फाइली पुसतं म्हणून चालतं, पण लोक घाईत भलतंच दाबतात. कॅशे आम्ही करून बघितलं, काही फरक पडला नाही.

ती माझ्याकडे यायच्या आधी बाजूच्या गल्लीत एका दुकानात जाऊन आली होती. त्यांनी प्ले स्टोअरवरून तीन फाइल मॅनेजर, म्हणजे फोनमधले फोल्डर उघडून बघायची अ‍ॅप्स, टाकून दिले होते, एक तर उघडलं की आधी तीस सेकंद जाहिरात आणि मग "तुमच्या फोनमधे कचरा भरलाय" म्हणून लाल अक्षरं. आणि तिन्हींमधे डेटावाला फोल्डर रिकामा. तिला सांगितलं की फाइली उडाल्या. उडाल्या कशाच्या! स्टोरेजमधे जाऊन बघितलं तर ते अ‍ॅप दीड जीबीच्या वर जागा खाऊन बसलेलं, फाइली नसत्या तर एवढी जागा कशाने भरली असती?

गोष्ट अशी आहे की अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, गूगलने हा डेटावाला फोल्डर बाकीच्या अ‍ॅप्सना बंद केला. फाइल मॅनेजरला सगळ्या परवानग्या दिल्या तरी दुसऱ्या अ‍ॅपचा फोल्डर उघडत नाही. मला विचाराल तर हे बरोबरच केलं, आधी काय व्हायचं की स्टोरेजची परवानगी दिली की कोणतंही टॉर्चचं फालतू अ‍ॅपसुद्धा दुसऱ्यांच्या फोल्डरमधे नाक खुपसायचं. पण मग मालकाने आपलीच फाइल बघायची कुठून?

सरळ रस्ता म्हणजे केबल लावून कॉम्प्युटरवरून उघडणे, बहुतेक फोनमधे तिथून दिसतं. तर तिच्या फोनचा जॅक फक्त चार्जिंग घेत होता, डेटाची पिन गेलेली. पट्टी बदलली असती पण त्या मॉडेलची माझ्याकडे नव्हती आणि हिला संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं, नाहीतर त्या गावांचे पैसे कापणार म्हणे.

आता राहिला फोनमधलाच फाइल मॅनेजर. म्हणजे कंपनीने आयकॉन दिलेला असतो तो नाही हां. अँड्रॉइडचा स्वतःचा एक असतो, फाइल्स नावाचा, आतलं नाव डॉक्युमेंट्स यूआय. मेलमधे अटॅच दाबल्यावर फाइल निवडायला जी खिडकी येते ना, ती त्याचीच. म्हणून तो जवळजवळ प्रत्येक फोनमधे असतोच, पण कंपन्या स्वतःचा फाइल मॅनेजर पुढे करतात आणि याचा आयकॉन गायब करून टाकतात. ह्याचा मला खरंच राग येतो, कुलूप लावलंत ठीक आहे पण मालकाला दरवाजा तरी दिसू द्या. वरून गोंधळ असा की गूगलचं प्ले स्टोअरवरचं वेगळं अ‍ॅप आहे, २०१७ मधे फाइल्स गो नावाने आलेलं, तेही आता फाइल्सच, आणि त्यात हा फोल्डर उघडत नाही. लोक ते टाकतात आणि म्हणतात भिया तुमने बोला था, कुछ नहीं दिखा.

तर ह्या लपलेल्या फाइल्ससाठी शॉर्टकटची छोटी छोटी अ‍ॅप्स मिळतात. ती स्वतः काहीच करत नाहीत, आयकॉन दाबला की फक्त आतलं फाइल्स उघडून देतात. म्हणून टाकायच्या आधी मी परवानग्या बघतो, नुसतं दार उघडणाऱ्याला कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवंय? मागत असेल तर दुसरं बघायचं. एक साधं मिळालं, काही मागत नव्हतं, टाकलं.

उघडलं. वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघा, त्यात खाली फोनचं मॉडेलचं नाव, त्यावर टच, मग अँड्रॉइड, मग डेटा. आणि पूर्ण यादी आली, कॉम डॉट अमुक कॉम डॉट तमुक. अ‍ॅपचं नाव तिथे सरळ लिहिलेलं नसतं, अंदाजाने ओळखावं लागतं, ते तिनेच ओळखलं. आत फाइल्स नावाचाच एक फोल्डर, त्याच्या आत फॉर्मचे फोल्डर, प्रत्येकाच्या नावात फॉर्मचं नाव आणि पुढे तारीख आणि वेळ. एक उघडला तर एक एक्सएमएल फाइल, म्हणजे फॉर्ममधे भरलेली उत्तरं, आणि दोन फोटो. फोटोवर टच केलं, हिरवा हातपंप, हँडलला कोणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि बाजूला एक बकरी थेट कॅमेऱ्यात बघत उभी. ती जोरात म्हणाली, "हेच! दादा हेच! ही बकरी हलतच नव्हती!" भिया वरून एकदम दादा झालो.

मग सगळे फोल्डर सिलेक्ट केले, तीन टिंब, कॉपी टू, डाउनलोडमधे. ती मूव्ह करूया म्हणत होती, मी म्हटलं नाही, कॉपीच करायचं, मूळ माल हलवायचा नाही, अर्ध्यात फोन बंद पडला तर? बॅटरी बारा टक्के होती, चार्जरला लावून ठेवला. डाउनलोडमधे आल्यावर मग कंपनीच्या फाइल मॅनेजरलाही दिसायला लागलं, तिथेच झिप केली आणि माझ्या वायफायवरून तिच्या ड्राइव्हवर चढवली. वेळ लागला, तेवढ्यात शेजारच्या काकांनी कचोरी मागवली, तिलाही दिली.

ऑफिसवाल्याला लिंक पाठवली तर तो म्हणे हे कसलं, अ‍ॅपमधून पाठवा ना. तिने मला फोन दिला. मी म्हटलं साहेब, अ‍ॅप उघडत नाही म्हणून तर हे केलंय, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फक्त फोल्डर दाखवा, त्याला समजेल. अर्ध्या तासाने मेसेज आला, उघडलं, सगळं आहे. तोवर मी तिला अ‍ॅपला हात लावू दिला नव्हता.

शंभर रुपये घेतले. ती दोनशे देत होती.

एवढं मात्र आहे की तिचा फोन अँड्रॉइड १२ होता. नंतरच्या काही फोनवर मी हेच करून बघितलं तर तिथे हेही बंद, फोल्डर दिसतो पण आत जाऊ देत नाही, तेव्हा मग केबलच.

पुढच्याच आठवड्यात तिने तिच्याबरोबरचा मुलगा पाठवला, त्याचंही अ‍ॅप तसंच बंद पडलेलं. मी मोठ्या हौसेने शॉर्टकट टाकला, डेटा उघडला, यादी वरून खालपर्यंत बघितली, त्याच्या अ‍ॅपचा फोल्डर आहे पण आत काहीच नाही. विचारलं तर म्हणे ऑफिसने सांगितल्यावर लगेच काढून परत टाकलं होतं. त्याला सांगितलं भाऊ, ह्यात आता काही होणार नाही, माझ्याकडेच काय कुठेच नाही, कोणी रिकव्हरीच्या नावावर हजार मागितले तर देऊ नकोस. तो थोडा वेळ गप्प बसला, मग हेल्मेट उचललं आणि म्हणाला, "जाऊ द्या, परत जातो मानपूरला. हातपंप काय पळून गेलेत का?"