साडेचार तासांच्या अंतरावरून

उन्हाळ्यात आयर्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायलाही साधारण साडेचार तासच मिळतात. मी नर्स आहे, त्यामुळे दोन्ही आकडे पाठ. गेल्या ऑगस्टमधल्या एका रात्री ते एकदमच अंगावर आले.

कॉर्कमध्ये नाइट ड्युटी होती. पहाटे तीनला चहा घ्यायला बाहेर आले, लॉकर उघडला, तर आईचे अकरा मिस्ड कॉल. नाशिकला तेव्हा साडेसात वाजले होते. पप्पा सहाला उठले ते तोंड वाकडं होऊनच. उजवा हात लुळा, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या दादांनी रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? आई काय सांगणार? रात्री दहाला झोपले तेव्हा ठीक होते. मधल्या आठ तासांत केव्हा झालं, कुणालाच माहीत नाही. म्हणून इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांचं बरोबरच होतं, आणि ते बरोबर आहे हे मला कळत होतं. खरं सांगते, त्या रात्री अडाणी असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

वॉर्डात परत गेले. सात नंबरच्या आजोबांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. तिकडे माझ्या बापाला कोण वळवत असेल?

लहानपणापासून रोज प्रार्थना करणारी मी, पण त्या रात्री काही सुचेना. चादरींच्या खोलीत उभी राहून नुसतं ‘प्रभू, प्रभू’ म्हणत राहिले. मग रविवारच्या शाळेत ऐकलेली ती होडी आठवली. वादळ सुटलंय, होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्य त्याला उठवतात ते विनंती करून नाही, चिडून. आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? लहानपणी वाटायचं, देवाशी असं बोलायचं नसतं. त्या रात्री मी त्याला तेच विचारलं, रडत, जवळजवळ भांडत. बायबलमध्ये मार्काने लिहिलंय तो क्रम मला फार धीर देतो: येशूने आधी वारा थांबवला आणि मग विचारलं, का घाबरलात? माझा वारा काही थांबला नाही. पण तो त्याच होडीत आहे, एवढं कळलं आणि पाय स्थिर झाले.

आम्ही नाशिकमधल्या शरणपूरचे. तिथे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनच्या शाळेत वाढली. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने. मग साथीदारांनी तो देह महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत नेला. लहानपणी हे ऐकताना आपल्या गावाचं नाव आलं म्हणून छाती फुगायची. आता परदेशात दुसरंच काही दिसतं. आईबापांपासून तोडलेलं पोर, त्याला विचारून कुणी काही केलं नाही. तरी माणूस गेल्यावर काय म्हणायचं ते त्याच्यापाशी होतं, आणि ते तो आपल्या नाशकात शिकला होता.

तिसऱ्या दिवशी आईने फोन पप्पांच्या कानाशी धरला. त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. ‘ते... ते...’ करायचे आणि स्वतःवरच संतापायचे. बोलण्यासारखं काही उरलंच नाही तेव्हा आईने प्रभूची प्रार्थना सुरू केली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. दुसऱ्या ओळीला पलीकडून एक जड, घोगरा आवाज मिसळला. आई थांबली. आवाज थांबला नाही. पप्पा अडखळत, एका बाजूने शब्द सांडत, ‘आमेन’पर्यंत गेले.

यामागचं कारण मला ठाऊक आहे. वाचा गेलेल्यांनाही वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधीकधी म्हणता येतं. प्रार्थना, गाणी, आकडे. वॉर्डात मी हे पाहिलंय. पण साठ वर्षं रोज रात्री म्हणून ते शब्द इतके खोल कुणी नेऊन ठेवले? मी त्याला देवाची सोय म्हणते, आणि ते म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

अकराव्या दिवशी रजा मिळाली. मुंबईहून निघाले, कसारा घाटात धुकं दाटलं होतं. घरी पोचले तर पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाव काही आलं नाही. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

हात अजून उचलत नाही. पाणी मागताना बोटानेच दाखवतात. रात्री साडेनऊला आई फोन लावते, इथे पाच वाजलेले असतात, माझी चहाची वेळ. आम्ही तिघं एकदम म्हणतो. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास मागे जातील आणि तेव्हा इथे चारच वाजलेले असतील, ऐन औषधांची वेळ. मी वॉर्ड सिस्टरला आत्ताच सांगून ठेवलंय, मला रोज पाच मिनिटं लागतील.